तपकीर मंडळाचं नाक

नासपतीच्या झाडावरून माझा नवरा क्विरिन पडला तो थेट डोक्यावर. डोकं फुटलं नाही. माझ्या सासरी फुटण्याइतकं मऊ डोकं कुणाचंच नाही. शिडीची एक पायरी मात्र मोडली, आणि खाली टोपलीत वेचून ठेवलेल्या फळांचा लगदा झाला. मी धावत गेले तेव्हा तो उताणा पडून आभाळाकडे बघत होता.

"बुर्गी," तो म्हणाला, "नासपत्या वाचल्या का?"

"तुझ्याखाली आहेत," मी म्हटलं.

शहरातल्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बत्ती मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, डोक्याला पागोट्याएवढी पट्टी बांधली आणि आठवड्यानं घरी सोडलं. सगळं ठीक आहे म्हणाले. सगळं ठीक नव्हतं. ते आम्हाला कळलं चीजमुळे. माझी बहीण दर शरदात एक चीज पाठवते. त्याला असा वास असतो की आम्ही ते खिडकीबाहेर टांगतो आणि पोस्टमन आल्बान कुंपणापाशीच थांबून पत्रं फेकतो. क्विरिननं त्याचा तुकडा नाकाशी नेला, खाली ठेवला, पुन्हा नेला, आणि बाजारात आई हरवलेल्या पोरासारखं माझ्याकडे बघितलं.

"याला वास का नाही गं?"

मग आम्ही घरभर हिंडलो. व्हिनेगर हुंगवलं, रॉकेल हुंगवलं, त्याचेच रबरी बूट हुंगवले. शेवटी मी त्याला डुकरांच्या गोठ्यात नेऊन उभं केलं. तिथं त्यानं डोळे मिटून छातीभर श्वास घेतला, डोंगरावर हवा खायला आलेल्या शहरी माणसासारखा. डुकरंसुद्धा खाणं थांबवून बघायला लागली.

"काही नाही," तो म्हणाला. "कोरडी हवा."

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर एवढं काही नव्हतं. फादरांचं गेलं असतं तर धूप जरा स्वस्तातला चालला असता. पण क्विरिन म्हणजे आमच्या हिंटरएडच्या तपकीर मंडळाचा घोटणारा. बव्हेरियाच्या जंगलातल्या या गावात दोनच गोष्टी पवित्र होत्या, मरियामातेची मूर्ती आणि क्विरिनची तपकीर. त्यातल्या एकीपुढे पुरुष रोज डोकं झुकवत. मूर्तीपुढे रविवारी.

ही तपकीर दुकानातल्या डबीतली भुकटी नव्हे. तंबाखूचे जाड, काळे, दोरखंडासारखे पीळ येतात, ते चिरायचे, दगडी कुंड्यात घालायचे आणि लाकडी दांड्यानं घोटत बसायचं. त्यात लोणकढं तूप जातं, थोडा आलुबुखाऱ्याचा रस जातो, आणि क्विरिनच्या बाबतीत बऱ्याच शिव्याही जातात. घोटायला ताकद लागते, ती क्विरिनकडे होतीच. पण थांबायचं कधी हे कळायला नाक लागतं. बोटांनी कळतं म्हणतात, पण क्विरिननं सगळा जन्म लाकूड कापायच्या गिरणीत काढलेला, त्याच्या बोटांवर ओकच्या झाडाची साल चढली आहे. चुलीवरचं पातेलं तो फडक्याशिवाय उचलतो. त्याच्या बोटांना मैदा आणि खडी सारखीच. म्हणून तो सगळं नाकावरच चालवायचा.

नाक गेल्याचं त्यानं कुणाला सांगितलं नाही. मलाही तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. आणि मग त्यानं आंधळेपणानं एक घाणा घोटला आणि गुरुवारी खाणावळीत नेला. तिथं कोपऱ्यातल्या टेबलाशी मंडळ बसतं. ती तपकीर म्हणजे गवंड्याचं काम होतं. आल्बाननं मोठ्या प्रेमानं हाताच्या पालथ्या भागावर ढीग घेतला आणि दोन्ही नाकपुड्यांत ओढला. दोन्ही बुजल्या. बिचारा तोंड उघडं टाकून, तळ्याबाहेर काढलेल्या माशासारखा बसला. शेवटी खाणावळवालीनं त्याला केसातली पिन दिली. मंडळानं नव्या तुपाला दोष दिला. क्विरिन घरी आला आणि टोपी न काढताच स्वयंपाकघरात बसला.

"बुर्गी, तुझं नाक चांगलं आहे."

"मग?"

"मी खाणावळीत कुणाच्या शेजारी बसलो होतो, तेही तुला कळतं."

"ते नाकानं नाही, तुझ्या तोंडावरून कळतं. आणि माझं नाक मला देवानं सूप हुंगायला दिलंय. त्यात तंबाखू कोंबायला नाही."

"मंडळाला कळलं तर घोटणं लीओनहार्डकडे जाईल," तो म्हणाला. लीओनहार्ड म्हणजे आमचा न्हावी. त्याची तपकीर साबणासारखी लागते असं सगळे म्हणत. क्विरिन पुढे काही बोलला नाही. नुसता बसून राहिला, गुडघ्यांवर हातांचे ते दोन ओंडके ठेवून. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी त्याला ओरडताना, घोरताना, गाताना आणि कुंपणावरून पडताना पाहिलं होतं, पण गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं.

"आण ती डबी," मी म्हटलं.

शिकवणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झाली. पहिली चिमूट मी सूप हुंगावं तशी ओढली, छातीभर. ती नाकातून घशात गेली, घशातून डोळ्यांत आली, आणि मला वाटतं थोडी माझ्या मेलेल्या आजीपर्यंतही पोचली असावी. मी टेबलाला धरून ठसकत होते आणि क्विरिन पाठीवर थोपटत म्हणत होता, "ओढायची नाही गं, ओढायची नाही. नुसतं दार उघडायचं. ती आपली आपण येते."

"तुझ्या आईसारखी?"

"माझ्या आईसारखी नाही. ही उंबऱ्यात थांबते."

हे मात्र खरं निघालं. सगळी विद्या त्या उंबऱ्याची आहे. कोरडी आणि बारीक तपकीर थांबत नाही, थेट घशात उतरते आणि माणूस खोकतो. फार ओली झाली तर दारातच चिखल होऊन बसते, पुढे वासही जात नाही आणि माणसाला श्वासही येत नाही. बरोबर जमलेली नाकाच्या तोंडाशी बसते, गार लागते, मग हळूच गरम होते आणि तिथूनच बोलायला लागते. हे सांगायला सोपं आहे. ओळखायला बसलं की सगळ्या चिमटी सारख्याच वाटतात, आणि सगळ्यांनी शिंकाच येतात.

क्विरिन म्हणाला, आधी बोटांनी शीक, तुझी बोटं जिवंत आहेत. चिमूट घे, दाब, सोड. पिठासारखी झडली तर कोरडी. कणकेसारखी तशीच राहिली तर ओली. हाताच्या पालथ्या भागावर ढीग कर आणि त्यावर हलकी फुंकर मार, उडाली तर वाया गेली. खाकी कागदावर ठेव आणि भांडी घासून ये, कागदावर तेलकट कडं उमटलं तर तूप जास्त झालं. मी दाबलं, सोडलं, फुंकलं, भांडी घासली. मला काहीही कळलं नाही. दाणा रव्याएवढा हवा म्हणे. कुठला रवा? खिरीचा की सूपमधल्या गोळ्यांचा? "रवा म्हणजे रवा," क्विरिन म्हणाला. ज्या माणसानं आयुष्यात कधी रवा शिजवला नाही, त्याला हे बोलायला काय जातं.

एकदा त्यानं परीक्षा घ्यायची म्हणून टेबलावर बशा मांडल्या आणि प्रत्येकीत चिमूटभर काळं ठेवलं. मी गंभीरपणे दाबलं, चोळलं, उजेडात धरलं. एका बशीवर बोट ठेवलं.

"ही. ही उत्तम जमली आहे. ओलसर आहे पण चिकटत नाही. दाणाही सारखा."

क्विरिननं ती बशी उचलून घेतली. "ही तुझी सकाळची कॉफी आहे," तो म्हणाला. "चोथा."

मी त्याला फडकं फेकून मारलं. पण चोथा ओलसर होता, चिकटत नव्हता, आणि दाणा सारखा होता, हे मी आजही कुणापुढेही सांगेन.

खरा बोभाटा चर्चमध्ये झाला. त्या आठवड्यात मी एका घाण्याचा नमुना पुरचुंडीत बांधून बरोबर ठेवला होता. घरात चुलीजवळ बसून सगळंच गरम आणि बरं वाटतं, थंडीत कशी लागते ते बघायचं होतं. फादर एमेरामांचं प्रवचन त्या दिवशी उपासावर होतं, आणि उपासावर बोलताना ते जेवणाच्या वेळेपर्यंत थांबत नाहीत. मी हातमोजा काढला, चिमूट घेतली, हळूच दार उघडलं. पुरचुंडी रात्रभर चुलीच्या कट्ट्यावर राहिली होती आणि तिची धूळ झाली होती, हे मला तेव्हा कळायचं होतं. शिंक लगेच आली नाही. ती हलकट दबा धरून बसली. प्रवचन संपलं, गाणं संपलं, फादरांनी पवित्र भाकर दोन्ही हातांनी वर उचलली, घंटी वाजली, आणि चर्चभर ती शांतता पसरली जिच्यात माणसाला स्वतःच्या पोटाचा आवाज ऐकू येतो.

तेव्हा मी शिंकले.

आणि पुरुषांच्या बाजूनं, इतक्या वर्षांच्या गुरुवारांची सवय, सगळं मंडळ एका सुरात ओरडलं, "देव भलं करो!"

मी पुन्हा शिंकले. त्यांनी पुन्हा आशीर्वाद दिला. तिसऱ्या वेळी माझी टोपी पुढच्या बाकावर ओटिली काकूच्या मांडीत जाऊन पडली. ओटिली काकू म्हणजे क्विरिनची चुलती, अशी सोवळी बाई की कोंबडा कोंबडीच्या मागे लागला की ती खिडकी लावून घेते. तिनं टोपी दोन बोटांत धरून मला परत दिली. फादर हात वर तसेच धरून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. काकूला वाटलं ते रडताहेत.

शनिवारी दुपारी मी चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेले. जाळीपलीकडे फादर बसले होते, माझा आवाज ऐकताच त्यांनी आशीर्वादाचे शब्द भराभर उरकले.

"फादर, मी खोटं बोलते. माझं स्वतःचं नाही, नवऱ्याच्या वतीनं."

"ते असू दे. रविवारी काय ओढलं होतंस?"

मी सगळं सांगितलं. क्विरिनचं नाक, तो गवंडीकामाचा घाणा, बशा, कॉफी. मग फादर म्हणाले, "चुलीच्या कट्ट्यावर ठेवली होतीस?"

"हो."

"वेडी आहेस का, वाल्बुर्गा! तपकीर तळघरात ठेवतात. मातीच्या भांड्यात, वर ओलं फडकं. फडकं तपकिरीला टेकता कामा नये. आत्ता जवळ आहे का?"

होती. नव्या घाण्यातली. पण डबी जाळीतून जात नव्हती. माझ्या प्रार्थनापुस्तकात संत अंतोनीचं एक चित्र होतं, हरवलेल्या वस्तू शोधून देणारे संत ते. मी त्यांची पन्हळ केली आणि संतांच्या पायांवरून तपकीर पलीकडे ओतली. जाळीमागे हलका श्वास ऐकू आला.

"ही फार ओली," फादर म्हणाले. "आणि दाणा विस्कळीत. काही मैदा, काही वाळू. चाळण बदल. तीन वेळा 'नमो मरिया' म्हण आणि पुढच्या शनिवारी परत ये."

"पण फादर, पुढच्या शनिवारपर्यंत माझ्याकडे पाप कुठलं असेल?"

"तू विवाहित आहेस," फादर म्हणाले. "काहीतरी सापडेल."

तेव्हापासून मी दर शनिवारी जात राहिले. गावात दोन तट पडले. एक म्हणे बुर्गीला देवाची ओढ लागली, दुसरा म्हणे बुर्गीनं काहीतरी भयंकर केलंय, एका खेपेत सांगून संपत नाही असं. दुसऱ्या तटात जास्त लोक होते आणि ते माझ्याशी फार आदरानं वागू लागले.

कधी जमलं ते नक्की सांगता येणार नाही. एका सकाळी तळघरात उभी होते, बाहेर पहिलं बर्फ पडत होतं, क्विरिन कुंडं घेऊन उभा होता. मी चिमूट घेतली, दाबली, सोडली. तिची गोळी झाली. मग ती गोळी क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि आपणहून विस्कटली. मी नाकाशी नेली. ती आली आणि उंबऱ्यात बसली. शिंक नाही, ठसका नाही, काही नाही. मी तिथंच उभी राहिले आणि मला एकदम कळलं की हे सगळे बाप्ये दर गुरुवारी एवढे तास तिथं काय करत बसतात. फार राग आला मला. इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

"काय गं?" क्विरिननं विचारलं. "ओली आहे?"

"गप्प बस जरा," मी म्हटलं.

तो घाणा मंडळात गेला आणि क्विरिनचं कौतुक झालं. पुढचा गेला, अजून कौतुक झालं. आल्बान म्हणाला, नासपतीच्या झाडाखाली देवानंच तुला हात लावला. न्हाव्यानं सुद्धा डबी भरून नेली. क्विरिन घरी येऊन हे सगळं मला सांगायचा, आणि सांगता सांगता त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. एके दिवशी तो मला म्हणाला, "तशी माझ्या हाताचीच कमाल आहे म्हणा. नाक काय, नुसतं बघायला." मी त्याच्या पुढची बटाट्याच्या गोळ्यांची थाळी उचलली आणि डुकरांना नेऊन घातली. दोन दिवस आम्ही कुत्र्यामार्फत बोललो.

अशात कोर्बिनियान काका मरायला टेकले. ओटिली काकूचा नवरा, मंडळातला सगळ्यात जुना, ऐंशी ओलांडलेला. छातीत कफ साठला होता, डॉक्टरांनी हात टेकले. एका रविवारी दुपारी सगळे त्यांच्या खोलीत जमले. फादर मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आले होते, मेणबत्त्या लावल्या होत्या, आल्बान टोपी हातात घेऊन दाराशी उभा होता, काकू जपमाळ ओढत होती. काका उशीला टेकून घरघर करत होते. फादरांनी कपाळाला तेल लावलं, तळहातांना लावलं, आणि काही हवंय का म्हणून कानाशी लागून विचारलं.

"चिमूटभर," काका म्हणाले.

"आता?" काकू किंचाळली. "कोर्बिनियान, तू देवाच्या दारात उभा आहेस!"

"म्हणूनच," काका म्हणाले. "आत ओढू देतात की नाही कुणाला माहीत."

फादर म्हणाले, यात पाप असल्याचं त्यांच्या वाचनात आलेलं नाही. क्विरिननं डबी काढली. काकांच्या हाताला तेल होतं, म्हणून त्यानं आपल्या हातावर ढीग घेतला आणि त्यांच्या नाकाखाली धरला. काकांनी ओढली, आणि डोळे मिटून पडून राहिले. मेणबत्तीची ज्योत हलत होती. मग त्यांनी डोळे उघडले.

"ही क्विरिनची नाही."

ओटिली काकूची जपमाळ थांबली.

"क्विरिनची तपकीर म्हणजे पावसातला शेतरस्ता. इतकी वर्षं नाकात चिखल भरून घेतला मी. पुतण्या म्हणून बोललो नाही. ही कुणाची?"

फादर खिडकीबाहेर बघायला लागले. कबुलीतलं त्यांना उघड करता येत नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते. मी तोंड उघडलं, क्विरिनचीच आहे म्हणणार होते, शपथेवर म्हणणार होते. पण क्विरिन खाटेच्या कडेवर बसला.

"बुर्गीची आहे, काका," तो म्हणाला. "मी नुसता घोटतो. माझं नाक मेलंय. झाडावरून पडलो तेव्हापासून काही कळत नाही. तुम्ही मरताय, तुमच्याशी खोटं बोलवत नाही."

त्याचा आवाज असा फुटला की आल्बाननंसुद्धा मान खाली घातली. मला त्याक्षणी त्या थाळीभर गोळ्यांचं फार वाईट वाटलं.

काकांनी हात उचलला. आशीर्वाद द्यायलाच असेल. पण हात अर्ध्यावर थांबला, चेहरा वाकडा झाला, तोंड उघडलं, उघडंच राहिलं. ओटिली काकूला वाटलं प्राण निघाला, ती गुडघ्यांवर पडली. आणि कोर्बिनियान काका शिंकले. तसली शिंक मी ना आधी ऐकली ना नंतर. मेणबत्त्या विझल्या. छातीत खोलवर काहीतरी सुटल्याचा आवाज झाला, तळं फुटावं तसा, आणि जे बाहेर आलं त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण ते फादरांच्या झग्यावर होतं.

"देव भलं करो," आल्बान हळूच म्हणाला.

काका ताठ बसले होते. चेहऱ्यावर रंग आला होता. त्यांनी मोठा, स्वच्छ श्वास घेतला.

"बियर आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

परतताना क्विरिन झपाझप पुढे चालत राहिला. कुंपणापाशी आला तेव्हा त्यानं फाटकाला लाथ मारली. "मरणाऱ्या माणसाला खरं सांगितलं मी! मरणाऱ्या! आणि तो बियर पितोय!"

"काकूला बरं वाटलं असेल," मी म्हटलं.

"काकूला बरं वाटलं नाही. तिनं काळे कपडे कपाटातून काढून तयार ठेवले होते."

आल्बान पोस्टमन असल्यामुळे संध्याकाळच्या आत सगळ्या गावाला कळलं. त्या गुरुवारी क्विरिन खाणावळीत गेला नाही. कोठारात बसून त्यानं एका चांगल्या लाकडाचा रंधा मारून मारून भुगा केला. मी हाक मारली तर म्हणाला, "मला काम आहे." पुढच्या गुरुवारीही तेच. जेवण ठेवलं तर खायचा, पण काय खातोय हे बघतही नव्हता. मग मला कळलं की आपण हसतोय ते सगळं ठीक आहे, पण या माणसाला चीज आणि मेणबत्ती सारखंच झालंय, आणि आता त्याला बसायला टेबलही उरलेलं नाही.

मी डबी घेतली, शाल घेतली आणि खाणावळीत गेले.

मंडळाचं टेबल भरलेलं होतं. मी आले तशी सगळ्यांनी बियरमध्ये काहीतरी पडल्यासारखं आत बघायला सुरुवात केली. लीओनहार्ड न्हाव्याच्या पुढे एक भली मोठी डबी होती, आणि सगळ्यांचे चेहरे नुकतंच तोंड धुतल्यासारखे दिसत होते. मी माझी डबी टेबलावर ठेवली.

"ही शेवटची," मी म्हटलं. "क्विरिनशिवाय मी घोटत नाही, आणि तुम्ही तर त्याला बोलवायलाही आला नाहीत. आता खुशाल साबण ओढा."

"अगं पण बुर्गी," आल्बान म्हणाला, "आम्हाला काय वाटलं, त्यालाच लाज वाटत असेल. आणि नियमात लिहिलंय, मंडळाचं काम सदस्यानंच करावं, आणि सदस्य म्हणजे चांगल्या चालीचा पुरुष."

"मग तुम्ही सगळे इथं कसे?" दारातून आवाज आला.

कोर्बिनियान काका होते. अंगावर घोंगडी, पायात सपाता, ओटिली काकूचा हात धरून. काकू नाक मुरडून चालत होती, पण चालत होती.

"मी मेलो होतो," काका बसत म्हणाले, "तेव्हा माझ्या मताला वजन आहे. बुर्गीला सदस्य करू नका. सदस्याला वर्गणी द्यावी लागते, टेबल पुसावं लागतं आणि न्हाव्याचे विनोद ऐकावे लागतात. तिला मंडळाचं नाक करा. घोटायचे हात क्विरिनचे, थांब म्हणणारं नाक हिचं. नाकाबद्दल नियमात काही लिहिलंय का?"

आल्बाननं आठवून बघितलं. नाक चांगल्या चालीचं असावं असंही कुठं लिहिलेलं नव्हतं. मत घेतलं. लीओनहार्डनंही हात वर केला, म्हणाला की खरं तर त्यालाही स्वतःची आवडत नाही. मी म्हटलं, मत राहू द्या, आधी नवऱ्याला आणा.

मग सगळं मंडळ बियरचे पेले हातात घेऊन बर्फातून आमच्या कोठाराकडे निघालं. क्विरिननं आतून एक बूट फेकला. तो न्हाव्याला लागला. मग दुसरा फेकला. तिसरा बूट त्याच्याकडे नव्हता, तेव्हा तो दारात आला, मोज्यांवर, डोक्यावर लाकडाचा भुगा.

"काय पाहिजे?"

"घोटणारा पाहिजे," आल्बान म्हणाला. "आम्ही नाक नेमलंय. पण नुसत्या नाकानं काय होतं?"

क्विरिननं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यानं डोक्यावरचा भुगा झटकला, मग म्हणाला, "पाय गार पडलेत," आणि कुणीतरी त्याला एक बूट आणून दिला.

हे होऊन बराच काळ लोटला. कोर्बिनियान काका त्यानंतर तीन हिवाळे जगले आणि मग एका सकाळी, कुणाला न कळवता, झोपेतच गेले. फादर एमेराम निवृत्त होऊन बहिणीकडे गेले. मी त्यांना नाताळला डबी पाठवते आणि ते परतीच्या कार्डावर एकच शब्द लिहितात, "ओली" किंवा "कोरडी". एका वर्षी काहीच लिहिलं नव्हतं, नुसता आशीर्वाद होता. ते कार्ड मी जपून ठेवलंय.

क्विरिनचं नाक काही परत आलं नाही. कुंडं तो घोटतो, मी शेजारी स्टुलावर बसते, चिमूट घेते, आणि थांब म्हणते किंवा म्हणत नाही. मी थांब म्हटलं की तो दांडा खाली ठेवतो, हात पुसतो, आणि दर वेळी विचारतो, "कशी आहे?"

दाणा बरोबर आहे, ओल बरोबर आहे, असं सांगून भागत नाही. त्याला वास हवा असतो. आणि मला शब्दात वास सांगता येत नाही, मी काही कवी नाही. काल विचारलं तेव्हा मी पुन्हा एक चिमूट घेतली आणि डोळे मिटून विचार केला.

"पहिल्यांदा आलुबुखारा येतो," मी म्हटलं, "मग जुनं चामडं. तुझ्या आईच्या रविवारच्या बुटांच्या कपाटासारखं. आणि मागून... थांब... मागून जरा शेण."

"कुणाचं?"

"काय कुणाचं?"

"गाईचं का घोड्याचं?"

मी परत ओढली. "घोड्याचं. उन्हात सुकलेलं."

क्विरिन भिंतीला टेकला. त्यानं डोळे मिटले आणि त्याची नाकपुडी हलकेच हलली.

"मग चांगली आहे," तो म्हणाला.